उलटीचा रंग

आपल्याकडे बाळाच्या शीची जेवढी चर्चा होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाची होत असेल. पिवळी झाली, फेसाळ झाली, दोन दिवस झालीच नाही. सगळा तपशील आजीला पाठ असतो आणि तो एव्हाना फोनवरून मावशीलाही कळलेला असतो. उलटी मात्र 'दूध टाकलं' एवढ्यावर उरकते. दवाखान्यात मी विचारतो, "आजी, रंग कसा होता?"

"आता रंग कोण बघतंय, डॉक्टर? पुसून घेतलं झालं."

खरं तर रंगच बघायचा असतो. पांढरी, फाटलेल्या दुधाची उलटी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. हिरव्या उलटीत पित्त असतं आणि पित्त मिसळतं ते जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला. ते उलटं फिरून तोंडातून येतंय म्हणजे पुढची वाट अडली असू शकते. नवजात बाळाच्या हिरव्या उलटीमागे प्रत्येक वेळी आतड्याचा पीळ निघत नाही, पण तो नाही अशी खात्री होईपर्यंत तो आहे असंच धरून चालायचं, हा बालशल्यविशारदांचा जुना दंडक आहे.

हा पीळ पडतो कशाने? घरात पहिला संशय आईच्या खाण्यावर जातो, दुसरा मालिशवाल्या बाईवर. दोघीही निर्दोष आहेत. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढणाऱ्या आतड्याला पोटात जागा पुरत नाही, म्हणून ते काही काळ नाळेत मुक्कामाला जातं. दहाव्या आठवड्यापासून ते परत येतं आणि या सगळ्या प्रवासात घड्याळाच्या उलट दिशेने 270 अंशांत फिरतं. त्यामुळे लहान आतड्याची सुरुवात डावीकडे वर आणि शेवट उजवीकडे खाली असा पक्का होतो, आणि मधला पडदा पोटाच्या मागच्या भिंतीला लांबवर चिकटतो. काही बाळांत हे फिरणं अर्धवट राहतं. मग दोन्ही टोकं जवळजवळ येतात आणि अख्खं लहान आतडं एका अरुंद देठावर लोंबतं. दोन टोकांना चिमटे लावून वाळत घातलेली साडी वाऱ्यावर फक्त फडफडते. एकाच चिमट्यात अडकवलेली गरगरा फिरते. त्याच देठातून आतड्याची मुख्य रक्तवाहिनी जाते. पीळ बसला की तीही आवळते आणि काही तासांत आतडं काळं पडू लागतं.

फसवणारी गोष्ट अशी की सुरुवातीला पोट मऊ असतं, बाळ बरं दिसतं, साधा एक्स-रेही कधी कधी निर्दोष येतो. खात्रीसाठी तोंडावाटे औषध देऊन त्याची वाट एक्स-रेवर बघावी लागते; सोनोग्राफीत रक्तवाहिन्या गोल फिरलेल्या दिसल्या तर निदान लवकर होतं. निम्म्याहून अधिक बाळांना हा त्रास पहिल्याच महिन्यात होतो. पण दोष जन्मभर सोबत असतो, म्हणून तो कधी दहाव्या वर्षी तर कधी चाळिशीतही डोकं वर काढतो.

बोस्टनच्या विल्यम लॅड यांनी 1936 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया आजही केली जाते. तिच्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे पीळ सोडवल्यावर आतडं पुस्तकातल्या जागी नेऊन बसवत नाहीत. लहान आतडं सगळं उजवीकडे, मोठं डावीकडे ठेवायचं आणि देठ रुंद करायचा, म्हणजे पुन्हा पीळ बसण्याची भीती कमी. अपेंडिक्स बहुधा काढूनच टाकतात; नाहीतर पुढे ते सुजलं तर दुखेल डावीकडे आणि डॉक्टर शोधत बसतील उजवीकडे.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. तिथे पिळतं ते बहुतेक मोठं आतडं, गुदाशयाच्या आधीचा वळणदार भाग. तो काहींत मुळातच लांब असतो, काहींत वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठाने ताणला जातो. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, कंपवाताचे रुग्ण, मनोविकाराची औषधं दीर्घकाळ घेणारे यांच्यात धोका अधिक. भारत, आफ्रिका, पश्चिम आशिया या पट्ट्यात हा आजार जास्त दिसतो आणि भरपूर चोथ्याचा आहार हे त्याचं एक कारण मानतात. (म्हणून भाकरी सोडू नका, तिचे फायदे कितीतरी जास्त आहेत.) पूर्वीच्या ऑपरेशनच्या चिकट्यांभोवती लहान आतडंही पिळू शकतं. पोट तट्ट फुगलंय, वारा सरत नाही, कळा येताहेत अशा माणसाला एरंडेल पाजणं धोक्याचं. दुर्बिणीने पीळ सोडवता येतो, रुग्णाला लगेच मोकळं वाटतं आणि तो घरी जायची घाई करतो. पण पीळ पुन्हा पडण्याचं प्रमाण इतकं आहे की तो भाग काढण्याचं ऑपरेशन शक्यतो त्याच मुक्कामात उरकावं.

मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात. डंबा म्हणतात त्याला. त्याच्या बातम्या अजून अधूनमधून येतात. शहरातली माणसं त्या वाचून हळहळतात आणि आपल्या बाळाच्या बेंबीभोवती हिंग लावून सकाळ व्हायची वाट बघतात. चटक्याने इजा होते, हिंगाने होत नाही, हा फरक मोठाच. पण पिळलेल्या आतड्याचा वेळ दोन्हीकडे सारखाच जातो.

तेव्हा उलटी हिरवी दिसली तर गुटी नको, ग्राइप वॉटर नको, तोंडाने काहीच नको. 108 ला फोन करा, बालशल्यविशारद असलेलं रुग्णालय गाठा. आणि ते दुपटं धुवायला टाकू नका, सोबत घेऊन या.