‘विकायला काढ ना!’ म्हणणं आता पुरे

आपल्याकडे हाताने केलेल्या वस्तूला मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे, ‘अगं, हे विकायला काढ ना!’ क्रोशाचा रुमाल असो, जुन्या जीन्सची पिशवी असो, नाहीतर पुठ्ठा कापून केलेलं इवलंसं घर असो. फोटो फॅमिली ग्रुपवर पडला की पहिल्या चार-पाच उत्तरांत हे वाक्य येतंच. करणारी मुलगी असेल तर ‘ऑर्डर घेतेस का?’, मुलगा असेल तर ‘स्टार्टअप काढ’. मी क्रोशे करतो, त्यामुळे मला दुसरं ऐकायला मिळतं. आधी ‘मुलगा असून?’ हा प्रश्न, मग लगेच ‘पण स्कोप आहे हं यात.’

बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. तरीही हे वाक्य आपण बंद करायला हवं, असं माझं म्हणणं आहे. त्याची कारणं हिशोबापासून सांगतो, कारण सल्लाच पैशाचा आहे.

समजा, तुमच्या आत्याने क्रोशाचा एक टेबल रनर केला. सुती दोरा ६०० रुपयांचा आणि विणायला ३० तास. ओळखीतलं कुणी १५०० रुपये देईल, तेही ‘घरचंच तर आहे’ म्हणत घासाघीस करून. दोऱ्याचे पैसे वजा केले की उरले ९००, म्हणजे तासाला ३० रुपये. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला साधारण ३७. म्हणजे आत्याच्या वीसेक वर्षांच्या हातसफाईची किंमत खड्डे खणण्याच्या सरकारी दरापेक्षाही कमी झाली. त्यात पॅकिंग, कुरियर आणि ‘रंग फोटोत वेगळा दिसत होता’ म्हणून परत आलेला माल धरलेलाच नाही.

हा दर असा का पडतो, त्यालाही कारण आहे. दोन सुयांचं विणकाम यंत्राने होतं, शिवण होते, भरतकामही होतं. पण खरं क्रोशे विणणारी यंत्रं कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर आजही वापरात नाहीत. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते, पण एका आकड्याने टाक्यातून टाका काढत जाणारं खरं क्रोशे हातानेच होतं. म्हणजे मॉलमध्ये ९९९ रुपयांना टांगलेला टॉप खरोखर क्रोशाचा असेल, तर तो जगात कुठेतरी कुणाच्या तरी बोटांनी विणलेला आहे. त्या बोटांना काय मिळालं असेल, याचा अंदाज किमतीवरूनच करा. तुम्ही आत्याला ‘विकायला काढ’ म्हणता, तेव्हा तिला या स्पर्धेत उतरवता.

हिशोब जुळला, समजा दर चांगला मिळाला, तरी पुढे काय होतं? आवडीने केलेला पहिला विणलेला हत्ती सगळ्यांना आवडतो. मग तसेच वीस हत्ती हवे असतात, त्याच निळ्या रंगात, पुढच्या शुक्रवारपर्यंत, एका बारशाचं रिटर्न गिफ्ट म्हणून. पाचव्या हत्तीनंतर कान वेगळे करून बघावेसे वाटले तरी करता येत नाहीत, कारण गिऱ्हाइकाने फोटोतलेच मागितलेत. छंदात सगळ्यात मोठी चैन असते ती उसवण्याची. अर्ध्यावर आलेलं आवडलं नाही, ओढला दोरा, गुंडाळला, नव्याने सुरुवात. कुणाला उत्तर द्यायचं नाही. ऑर्डर आली की हा हक्क आधी जातो.

आमच्या पिढीसाठी ही गोष्ट छोटी नाही. दिवसभर आमचं काम तिकिटांत मोजलं जातं, दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बसवलं जातं, तरी ते कमीच असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. त्यावर आपण भरपूर मीम्स केले. पण उरलेल्या तासांत जे करतो त्यालाही ‘साईड इन्कम’च्या रांगेत उभं केलं, तर त्या ७० तासांत आणखी वीसेकांची भर आपणच घालतो.

आता दुसऱ्या आघाडीकडे वळू, कारण दोष फक्त काका-काकूंचा नाही. आपण मोबाईलवर जे ‘शेअर’ करतो, ते खरंच शेअर असतं का?

एक रील आठवून बघा. पहिल्या सेकंदाला दोऱ्याचं रिकामं रीळ, विसाव्या सेकंदाला तयार स्वेटर, मागे गाणं. मधले दोन महिने गायब. चुकलेली बाही, तीनदा उसवलेला गळा, दोऱ्याचे २२०० रुपये, यातलं काही दिसत नाही. बघणारी मुलगी हार्ट टाकते, ‘मला नाही जमणार बाबा’ म्हणते आणि पुढे सरकते. म्हणजे त्या वीस सेकंदांनी एक माणूस कलेपासून लांब गेला. ही देवाणघेवाण म्हणायची नाही, हे दुकानाच्या काचेतून बघणं झालं.

आमच्या धंद्यात कुणी ॲपचा फक्त स्क्रीनशॉट टाकला आणि ‘घ्या, मी माझं काम सगळ्यांसाठी खुलं केलं’ म्हणालं, तर लोक हसतील. खुलं करायचं म्हणजे कोड द्यायचा, तो चालवायचा कसा ते लिहायचं, कुठे अडकतो तेही लिहायचं. मग दुसरा कुणी तो उचलतो, सुधारतो, परत देतो. आपण रोज वापरतो त्या इंटरनेटचा मोठा भाग अशा खुल्या कामावर उभा आहे.

आणि विणकाम हा अक्षरशः कोडच आहे. ‘पाच साखळ्या, गोल जोडा, त्यात बारा खांब, मग प्रत्येक खांबावर दोन-दोन’ ही सूचना वाचा. त्यात सुरुवातीची स्थिती आहे, क्रम आहे, लूप आहे. मोजणीत एक टाका चुकला तर चार ओळींनंतर बग दिसतो आणि तो शोधत मागे जावं लागतं. हे नातं कवीकल्पना नाही. अपोलो यानांच्या संगणकाचा प्रोग्रॅम तांब्याच्या तारा चुंबकीय कड्यांमधून ओवून पक्का केला जायचा. तार कड्यातून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये रेथिऑनच्या कारखान्यात हे ओवण्याचं काम बायका करायच्या. चंद्रावर उतरलेलं सॉफ्टवेअर हातांनी विणलेलं होतं.

दुसरं उदाहरण तर थेट क्रोशाचंच आहे. हायपरबोलिक प्रतल ही गणितातली एक विचित्र जागा आहे. ती कडेला जाईल तशी पसरत, चुरगळत जाते. कागद चिकटवून केलेली तिची मॉडेल्स हाताळली की फाटायची. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना ताइमिना यांनी ते प्रतल क्रोशाने विणलं. युक्ती एवढीच, की प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत जायचे. पण ताइमिना यांनी कृती सांगितली, म्हणून जगभरच्या लोकांना ते प्रतल घरी करून हातात घेता आलं. नुसता फोटो दाखवला असता तर लोकांनी ‘किती सुंदर झालर’ म्हटलं असतं.

कृती नोंदवली नाही की काय होतं, ते बघायला लांब जायला नको. आमच्या घरात आजीने शिवलेल्या तीन गोधड्या आहेत. चाळीसेक वर्षं झाली, धुऊन धुऊन विटल्या, पण कुठे गोळा झाल्या नाहीत. आतले थर सरकू नयेत म्हणून काय केलं असेल? धावदोरा कडेने आत नेला की मधून बाहेर? नऊवारीचा काठ नेमका त्याच बाजूला का? आजी नाही, आणि घरात कुणाकडेही उत्तर नाही. गोधडी आहे, तिचा सोर्स कोड गेला. तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू नक्की असेल.

याउलट आपल्याकडे शेअर करण्याची एक झकास जुनी पद्धत होती आणि थोडीफार अजून आहे. ती म्हणजे दिवाळीचा किल्ला. तो अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. दगड-विटा कशा रचायच्या, वर पोतं का टाकायचं, माती किती ओली हवी, हिरवळीसाठी हळीव कधी पेरायचे, हे मोठी मुलं छोट्यांना चिखलात हात घालून शिकवतात. चार दिवस गल्ली बघायला येते, मग किल्ला मोडतो. पुढच्या वर्षी शिकलेला छोटा मोठा झालेला असतो. कुणी म्हणत नाही, ‘छान झालाय, विक.’ निदान म्हणत नव्हतं. आता पुण्याच्या बाजारात प्लॅस्टरचा तयार किल्ला मिळतो. तो दिसायला सुबक असतो आणि त्यातून कुणीही काहीही शिकत नाही. बांबूच्या कामट्या आणि मैद्याच्या खळीचा आकाशकंदीलही त्याच वाटेने चाललाय.

यावर येणाऱ्या उत्तरांचा मी विचार केला आहे, आणि त्यातलं पहिलं वजनदार आहे. ‘अनेक बायकांना विक्रीतून पहिल्यांदा स्वतःच्या हक्काचे पैसे मिळतात, ते तू नाकारतोस का?’ अजिबात नाही. ज्यांना विकायचंय त्यांनी जरूर विकावं, आणि आपण घासाघीस न करता घ्यावं. माझा विरोध विक्रीला नाही, न मागितलेल्या सल्ल्याला आहे. शिवाय त्या बायकांचा भावही याच सल्ल्याने पडतो. प्रत्येक हौशी माणूस ‘टाइमपास म्हणून’ तासाला ३० रुपयांत विकायला लागला, तर पोटासाठी विणणारीने १०० कुठून मागायचे?

दुसरं उत्तर, ‘पगार घेऊन छंदाच्या गप्पा मारणं सोपं आहे.’ खरं आहे. मोकळा वेळ सारखा वाटलेलाच नाही. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जात होती, पुरुषांची ८८. आत्याच्या हातात आकडा येतो तो ही २८९ मिनिटं संपल्यावर. त्या तासाभरावरही कमाईची जबाबदारी टाकायची? तिच्यासाठी खरंच काही करायचं असेल तर संध्याकाळची भांडी घासा, तिचे तास वाढतील.

तिसरं उत्तर, ‘कृती दिली की लोक ढापतात.’ ढापतात. कोडही ढापतात. म्हणून शिस्त हवी. डिझाईन ज्याचं असेल त्याचं नाव लिहायचं, विकत घेतलेला पॅटर्न असेल तर तो फुकट न वाटता कुठे मिळतो ते सांगायचं. जी स्वतःच्या डिझाईनवर पोट भरते, तिने काय उघड करावं हे तिनेच ठरवावं. पण आपल्यापैकी बहुतेक जण आजी-मावशीकडून फुकट शिकलेलंच करतो. त्याला तिजोरी कशाला? २००७ मध्ये अमेरिकेत जेसिका आणि केसी फोर्ब्स या जोडप्याने ‘रॅव्हलरी’ सुरू केलं. केसी प्रोग्रॅमर. विणणाऱ्यांनी कोणती वस्तू, कोणत्या दोऱ्याने, कोणत्या सुईने केली, काय बदललं, हे तिथे लिहायचं. कंटाळवाणी वाटणारी ही माहितीच लाखो लोकांना उपयोगी पडली. मराठीत मात्र खांब, मुका खांब, साखळी हे शब्द अजून मावश्यांच्या तोंडीच आहेत. पंचवीस वर्षांची मुलगी इंग्रजी पॅटर्न वाचते आणि घरातल्या मावशीला तो समजत नाही. दोघींना जोडणारी कृती लिहायला टाईप करण्यापलीकडे काही लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी काही केलंत तर फोटो टाकाच, मिरवाच. पण खाली पाच ओळी लिहा: दोरा कोणता आणि कितीचा, सुई किती मिलिमीटरची, एकूण तास किती, कुठे उसवावं लागलं, कुणाकडून शिकलात. उसवलेल्या भागाचाही एक फोटो टाका, बघणाऱ्याला सगळ्यात जास्त धीर त्याने येतो. आणि दुसऱ्याने टाकलेलं दिसलं तर भाव विचारू नका. ‘कसं केलंस?’ विचारा. जमलं तर ‘मला शिकवशील?’ असंही विचारा आणि खरंच शिकायला जा. घरात ऐंशीच्या पुढची कुणी असेल, तर या रविवारी फोनचा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर न धरता हातांवर धरा आणि टाका हळू घालायला सांगा.