फ्लॉरेन्ससाठी एक दिवस

फ्लॉरेन्सचा जुना गाभा पायी फिरता येईल एवढा आटोपशीर आहे. सांता मारिया नोव्हेला रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की दहा मिनिटांत कॅथेड्रल, तिथून सात-आठ मिनिटांत सिन्योरिया चौक आणि चौकापासून पाच मिनिटांवर आर्नो नदीवरचा पोंते वेक्किओ पूल. वेगवान रेल्वेने रोमहून दीड तासात आणि मिलानहून दोन तासांच्या आत इथे पोहोचता येते. म्हणूनच युरोपच्या सहलीत या शहराच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. अंतरे लहान, तेव्हा सगळे पाहून होईल, या समजुतीने बहुतेकांचा बेत फसतो. चालायला इथे फारसा वेळ लागत नाही; तो जातो रांगांमध्ये आणि दालनांमध्ये. एका दिवसात दोन मोठी ठिकाणे आतून नीट पाहावीत आणि बाकीचे शहर बाहेरून, रस्त्यावरून पाहावे, एवढाच बेत झेपतो. तिसरे ठिकाण घुसडले की तिन्ही अर्धवट राहतात.

एवढी कला एवढ्याशा जागेत टिकून राहिली, याचे श्रेय एका स्त्रीच्या दूरदृष्टीला आहे. शहरावर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचा पुरुषवंश 1737 मध्ये संपला आणि सत्ता लोरेनच्या घराण्याकडे गेली. त्या वेळी घराण्यातली शेवटची वारस आना मारिया लुईझा हिने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला: चित्रे, शिल्पे, ग्रंथ, रत्ने हा सगळा संग्रह त्यांच्या ताब्यात जाईल, पण त्यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर नेली जाणार नाही. इतर अनेक राजघराण्यांचे संग्रह विकले गेले, लुटले गेले, देशोदेशी पांगले. मेदिचींचा संग्रह जिथे जमला तिथेच पाहायला मिळतो, तो या करारामुळे.

बेत आखताना आधी वार पाहावा. उफीत्सी संग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा मूळ डेव्हिड जिथे आहे ते आकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. रविवारी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असल्याने पर्यटकांना मोकळेपणाने फिरता येत नाही. मंगळवार ते शनिवार यांतला दिवस सर्वांत सोयीचा. तिकिटे आधीच ऑनलाइन काढलेली असावीत. कॅथेड्रलच्या घुमटावर ठरलेल्या वेळेचे आरक्षण असल्याशिवाय चढताच येत नाही आणि मोसमात ही आरक्षणे फार लवकर संपतात. सामान स्थानकावरच्या सामानघरात ठेवावे. मोटार भाड्याने घेऊन येणाऱ्यांनी ती शहराबाहेर लावावी, कारण जुन्या शहरात परवान्याशिवाय वाहन नेण्यास बंदी आहे. कॅमेऱ्यात नंबर टिपला जातो आणि दंडाची चिठ्ठी पुढे महिन्यांनी घरी येते.

सकाळ उफीत्सीला द्यावी. सव्वाआठला दार उघडते आणि पहिल्या तासात चित्रांसमोर उभे राहायला जागा मिळते. ही इमारत कोसिमो मेदिचीच्या राज्यकारभाराच्या कचेऱ्यांसाठी 1560 मध्ये जॉर्जो वासारीने आखली. सगळी दालने पाहायचा हट्ट धरू नये. सुरुवातीच्या एका दालनात चिमाब्युए, दुच्चो आणि जोत्तो या तिघांनी काढलेली सिंहासनावरची माता मेरी समोरासमोर आहे. तिथे मात्र पंधरा मिनिटे थांबावे. विषय एक, मांडणीही जवळपास एक. पण जोत्तोच्या चित्रात वस्त्राखाली शरीराचे वजन जाणवते, गुडघे पुढे आलेले दिसतात. पुढच्या दोनशे वर्षांत इटालियन चित्रकला कोणत्या दिशेने गेली, ते या एका खोलीत समजते. त्यानंतर बोत्तिचेल्लीचे ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’, लिओनार्दोचे तरुणपणीचे ‘देवदूताचा संदेश’ आणि मायकेलअँजेलोचे गोल चौकटीतले पवित्र कुटुंब, एवढे मन लावून पाहिले तरी अडीच तास सरतात.

बाहेर आले की शेजारीच सिन्योरिया चौक. पालात्सो वेक्किओच्या दारासमोर डेव्हिडची प्रतिकृती उभी आहे. मूळ पुतळा 1504 पासून 1873 पर्यंत इथेच उघड्यावर होता. नंतर तो आकादेमियात हलवला. पाच मीटरहून उंच असलेला हा पुतळा दुसऱ्या शिल्पकारांनी अर्धवट कोरून टाकून दिलेल्या संगमरवरातून मायकेलअँजेलोने घडवला. शिल्पाची विशेष ओढ असणाऱ्याने उफीत्सी सोडून आकादेमिया निवडावे. तिथे तासाभरात काम होते आणि मायकेलअँजेलोची ‘कैदी’ ही अपुरी शिल्पे डेव्हिडच्या वाटेवरच दिसतात. दोन्ही संग्रहालये एका दिवसात पाहणे शक्य आहे, पण दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत डोळे थकलेले असतात. चौकातच जमिनीत बसवलेली एक गोल शिळा आहे. मेदिचींविरुद्ध उभा राहिलेला धर्मोपदेशक साव्होनारोला याला 23 मे 1498 रोजी फाशी देऊन इथे जाळण्यात आले.

दुपारच्या जेवणाची वेळ पाळावी लागते. बऱ्याच खानावळी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातनंतरच उघडतात. सान लोरेन्झोजवळच्या मध्यवर्ती मंडईच्या वरच्या मजल्यावर मात्र दिवसभर खायला मिळते. लोखंड आणि काचेची ही मंडई 1874 मध्ये उघडली. शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही: शिळा पाव, पांढरे वाल आणि काळसर पानांची कोबी एकत्र शिजवून केलेला ‘रिबोल्लिता’ किंवा टोमॅटो-पावाचा ‘पाप्पा अल पोमोदोरो’ पोटभरीचा असतो. रश्शात मांसाचे पाणी घातलेले नाही ना, एवढे विचारून घ्यावे. तोस्कानाचा पाव अळणी असतो. तो बिघडलेला नाही, इथली रीतच तशी आहे.

दुपार कॅथेड्रलच्या परिसरासाठी. बांधकाम 1296 मध्ये सुरू झाले, पण मधला प्रचंड अष्टकोन झाकायचा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि तो कित्येक वर्षे उघडाच राहिला. सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीच्या पोकळीवर कमान पेलायला जमिनीपासून लाकडी आधार उभारायचा, तर तेवढे लाकूड आणायचे कुठून? सोनारकाम शिकलेल्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने तो आधारच वगळला. आत एक आणि बाहेर एक असे दोन घुमट त्याने एकत्र वर नेले. विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा बसवल्या, त्यामुळे ओला थर आत घसरला नाही आणि प्रत्येक पुरे झालेले कडे पुढच्या कड्याचा भार घेऊ लागले. 1420 मध्ये सुरू झालेले हे काम 1436 मध्ये संपले. चाळीस लाखांहून अधिक विटांचा हा घुमट आजही दगडविटांनी बांधलेला जगातला सर्वांत मोठा घुमट मानला जातो.

वर जायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. जिना याच दोन घुमटांच्या मधून जातो, म्हणून पाय भरून आले तरी ही चढण केवळ वरच्या देखाव्यासाठी नसते. भिंतीला हात लावला की विटांची ती रचना जवळून दिसते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी त्याऐवजी कॅथेड्रलमागचे संग्रहालय निवडावे. बाप्तिस्माघराच्या दारांवर बाहेर दिसतात त्या प्रतिकृती. लोरेन्झो गिबर्टीने 1425 ते 1452 या काळात घडवलेले मूळ सोनेरी दार या संग्रहालयात आहे. दोनातेल्लोची लाकडी मेरी मॅग्डालीन आणि म्हातारपणी मायकेलअँजेलोने स्वतःच हातोड्याने फोडलेले शिल्पही तिथेच आहे. कॅथेड्रलमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

संध्याकाळी बहुतेक प्रवासी नदीपलीकडच्या मायकेलअँजेलो चौकात सूर्यास्ताला जातात. त्याच्याही वर असलेले सान मिनियातोचे हजार वर्षांचे चर्च अधिक सुंदर आणि शांत आहे. मराठी प्रवाशाने मात्र उलट दिशेला, काशिने बागेत जाण्याचा विचार अवश्य करावा. आर्नोकाठी तीन किलोमीटरहून लांब पसरलेल्या या बागेच्या पश्चिम टोकाला, जिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. 1850 मध्ये जन्मलेले हे महाराज 1870 साली इंग्लंडच्या प्रवासाला गेले. त्या प्रवासात त्यांनी इंग्रजीतून रोजनिशी लिहिली. ती 1872 मध्ये लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर, तेव्हा इटलीची राजधानी असलेल्या फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांचे निधन झाले. विसावे वर्ष नुकतेच सरले होते. दहनाची प्रथा नसलेल्या त्या देशात खास परवानगी काढून हिंदू रीतीप्रमाणे दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला.

1874 मध्ये तिथे उभारलेल्या छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याप्रमाणे बांधला गेला. जवळच्या आर्नोवरच्या पुलाला फ्लॉरेन्सकर याच स्मारकावरून ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या नावाने ज्यांची रोज आठवण निघते, त्या तरुण राजाच्या अखेरच्या जागेपर्यंत फार थोडे मराठी प्रवासी पोहोचतात, हे खरोखर हळहळ वाटण्यासारखे आहे. स्थानकाजवळून ट्रामने काशिने थांब्यावर उतरावे आणि झाडांच्या रांगांमधून नदीकाठाने अर्धा-पाऊण तास चालावे. बागेचे हे टोक अंधार पडल्यावर निर्जन होते, म्हणून जाणे-येणे उजेडातच उरकावे. उन्हाळ्यात सूर्य नऊच्या सुमारास मावळत असल्याने घुमटानंतरही वेळ पुरतो. डिसेंबरमध्ये पाचच्या आतच काळोख होतो, तेव्हा बाग दुपारी आणि कॅथेड्रल त्यानंतर, असा क्रम उलटा करावा.

सोमवारीच यावे लागले, तर उफीत्सीच्या जागी सांता क्रोचे चर्च घ्यावे. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि माकियाव्हेल्ली यांच्या समाध्या तिथे आहेत आणि 4 नोव्हेंबर 1966 च्या पुरात खराब झालेला चिमाब्युएचा रंगवलेला क्रूसही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात. त्या दिवशी गर्दी इतकी उसळते की ज्याच्या हाती एकच दिवस आहे त्याने पैसे वाचवण्यासाठी तो रविवार निवडू नये.