आभाळातला महाल आणि कर्जाचे खाते

१९७१ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा पार्ल्याला चाळीत राहत होतो. विमानांचा आवाज आमच्या कानांना नवा नव्हता. बोलणारा माणूस विमान डोक्यावरून जाईपर्यंत अर्ध्या वाक्यात थांबे आणि मग जिथे सोडले तिथून पुढे सुरू करी. पण त्या दिवसांत चाळीत एकच विषय होता : एअर इंडियाचे जंबो आले! 'सम्राट अशोक' त्याचे नाव. खिडक्यांभोवती राजवाड्यातल्या झरोक्यांसारखी महिरप रंगवलेली, आणि जाहिरातीत त्याला 'आकाशातला महाल' म्हटलेले. वडिलांनी आम्हा भावंडांना सांताक्रूझला नेऊन ते कुंपणाबाहेरून दाखवले. परत आल्यावर आम्ही हात पसरून त्याच्या आकाराचे वर्णन करत होतो, तेव्हा शेजारच्या अण्णांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "एवढे मोठे बांधायला पैसे कुणी दिले असतील रे?"

आम्ही हसलो. अण्णांना काय, पैशाशिवाय काही दिसतच नाही! पुढे उभा जन्म बँकेत गेला, तेव्हा कळले की त्या दिवशी चाळीत सगळ्यात शहाणा प्रश्न अण्णांनीच विचारला होता. कारखान्यांच्या कर्जाचे प्रस्ताव तपासताना एक गोष्ट मी शिकलो. जमिनीचे कागद पाहता येतात, यंत्रांची किंमत पडताळता येते. पण 'पुढील दहा वर्षांत माल किती खपेल' हा जो तक्ता शेवटी जोडलेला असतो, त्यातले काहीही कुणी डोळ्यांनी पाहिलेले नसते. दोन मार्गिकांच्या, रुंद पोटाच्या प्रवासी विमानांचा इतिहास म्हणजे अशाच तक्त्यांचा इतिहास आहे.

हस्तांदोलनावरचा सौदा

साठच्या दशकात जेट विमानाने प्रवास करणाऱ्यांची संख्या भराभर वाढत होती. पॅन अमेरिकन कंपनीचे सर्वेसर्वा हुआन ट्रिप यांना बोइंग ७०७ च्या दुपटीहून मोठे विमान हवे होते. बोइंगचे प्रमुख बिल ॲलन यांच्याशी त्यांची बोली झाली ती 'तुम्ही बांधा, मी घेतो' आणि 'तुम्ही घ्या, मी बांधतो' अशी दोन वाक्यांची होती, असे सांगतात. एप्रिल १९६६ मध्ये ट्रिप यांनी २५ विमानांची मागणी नोंदवली. किंमत साडेबावन्न कोटी डॉलर. विमान तेव्हा फक्त कागदावर होते. ते बांधायला कारखानाही नव्हता. सिएटलजवळ एव्हरेट येथे जंगल तोडून जगातली सर्वांत मोठ्या घनफळाची इमारत उभी राहू लागली आणि छप्पर पुरते चढण्याआधीच आत विमान आकार घेऊ लागले.

हे शक्य झाले ते नव्या इंजिनामुळे. जुनी जेट इंजिने थोडी हवा अतिशय वेगाने मागे फेकत. नव्या इंजिनाच्या तोंडाशी प्रचंड पंखा होता. आत घेतलेल्या हवेतला थोडाच भाग ज्वलनासाठी जाई आणि त्याच्या सुमारे पाचपट हवा बाहेरून नुसतीच मागे ढकलली जाई. भरपूर हवा बेताच्या वेगाने ढकलली तर इंधन कमी लागते आणि आवाजही कमी होतो. ही विद्या अमेरिकन हवाई दलाच्या एका अवजड मालवाहू विमानाच्या स्पर्धेतून पुढे आली. ती स्पर्धा १९६५ मध्ये लॉकहीडने जिंकली. पण हरलेल्या बोइंगच्या पदरात तो अनुभव पडला.

ट्रिप यांना डबलडेकर बससारखे दुमजली विमान हवे होते. मुख्य अभियंता जो सटर यांना ते पटेना. संकटात वरच्या मजल्यावरची माणसे खाली उतरवायची कशी? त्यांनी एका सहकाऱ्याला वीस फूट लांबीची दोरी देऊन पॅन ॲमच्या कचेरीत धाडले. बैठकीच्या दालनात दोरी आडवी धरली, तेव्हा विमानाच्या आतली रुंदी किती असेल ते साऱ्यांना उमगले. एका ओळीत दहा माणसे, मध्ये दोन वाटा. आज आपण ज्याला 'वाइड बॉडी' म्हणतो ते असे एका दोरीने ठरले.

आणि गंमत पाहा, खुद्द बोइंगचा या विमानावर फारसा भरवसा नव्हता! प्रवासी लवकरच ध्वनीहून वेगवान विमानांनी जातील आणि जंबो मालवाहतुकीला लागेल, असा त्यांच्या तक्त्याचा हिशेब होता. नाक उघडून माल आत लोटता यावा म्हणून वैमानिकांची खोली वर चढवली. त्यातून ते प्रसिद्ध कुबड आले. प्रत्यक्षात काँकॉर्ड २००३ मध्ये निवृत्त झाले आणि 'तात्पुरते' जंबो त्यानंतरही वीस वर्षे तयार होत राहिले.

विमान ९ फेब्रुवारी १९६९ रोजी उडाले आणि २२ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्क-लंडन मार्गावर प्रवासी घेऊन निघाले. तेही एका विमानाचे इंजिन तापल्यामुळे ऐन वेळी दुसरे विमान घेऊन. इंजिने वेळेवर मिळेनात. तयार विमाने पंखांखाली सिमेंटचे ठोकळे टांगून उभी ठेवावी लागली, नाहीतर तोल जायचा. बँकांचे देणे एक अब्ज डॉलरच्या वर गेले. मंदी आली, मागणी आटली. सिएटल परिसरात बोइंगकडे एक लाखाच्या आसपास माणसे कामाला होती. १९७१ मध्ये ती चाळीस हजारांच्या खाली आली. शहर सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने कृपया दिवे मालवावेत, असा फलक तिथे कुणीतरी रस्त्यावर लावला होता.

आणि ट्रिप? ते १९६८ मध्येच निवृत्त झाले होते. बँकेतल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. कर्ज मंजूर करणाऱ्या साहेबांची बदली होते आणि वसुलीला नवा माणूस येतो. अर्ध्या रिकाम्या जंबोंचे ओझे, त्यावर १९७३ चा तेलाचा भडका, पुढे इतरही अनेक कारणे. डिसेंबर १९९१ मध्ये पॅन ॲम बंद पडली.

एका नाक्यावर दोन दुकाने

जंबोपेक्षा थोडे लहान विमान हवे, हे इतरांनाही दिसत होते. मॅकडोनेल डग्लसने डीसी-१० काढले, लॉकहीडने ट्रायस्टार. दोन्हींना तीन इंजिने, दोन्हींचे गिऱ्हाईक तेच. एका नाक्यावर एकच मिठाईचे दुकान चालेल एवढी वस्ती असताना समोरासमोर दोन उघडावीत, तसा प्रकार. ट्रायस्टारसाठी रोल्स-रॉइसने इंजिन बांधायला घेतले आणि त्याच्या खर्चाने ती अभिमानाची ब्रिटिश कंपनी ४ फेब्रुवारी १९७१ रोजी दिवाळखोरीत गेली. सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. इंजिन नाही म्हणून लॉकहीडही बुडायच्या बेताला आली. तिच्या पंचवीस कोटी डॉलरच्या कर्जाला सरकारने हमी द्यावी की नाही, यावर अमेरिकन सिनेटमध्ये मतदान झाले. बाजूने ४९, विरोधात ४८. एका मताने कंपनी वाचली. पण ट्रायस्टार अडीचशे विमानांवर थांबले आणि लॉकहीडने प्रवासी विमानांचा नाद कायमचा सोडला.

इथवरची गोष्ट पैशांची झाली. पण स्पर्धेतल्या घाईचे व्याज पैशांतच द्यावे लागते असे नाही. जून १९७२ मध्ये कॅनडातील विंडसरच्या आकाशात एका डीसी-१० चा मालाचा दरवाजा उडाला. वैमानिकाच्या कौशल्याने सारे वाचले. दरवाजाची कडी सदोष होती. असेच पुन्हा घडणार, असा लेखी इशारा डॅन ॲपलगेट या अभियंत्याने त्याच महिन्यात दिला होता. परंतु सक्तीचा हुकूम काढण्याऐवजी सरकारी खाते आणि कंपनी यांच्यात 'आम्ही दुरुस्त करून घेऊ' असा सभ्य गृहस्थांचा समझोता झाला. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ तुर्की कंपनीच्या डीसी-१० चा तोच दरवाजा उडाला आणि ३४६ माणसे गेली. त्या विमानाच्या कागदपत्रांवर दुरुस्ती झाल्याची नोंद होती. दुरुस्ती झालेली नव्हती. फाइल पूर्ण असणे आणि काम पूर्ण असणे यांतले अंतर ज्याने कचेरीत आयुष्य काढले आहे, त्याला हे वाचून झोप लागणार नाही.

दोन इंजिनांची बाजी

युरोपातल्या देशांनी एकत्र येऊन एअरबस काढली, तेव्हा अमेरिकेत कुणी तिची फारशी दखल घेतली नाही. ब्रिटनचे सरकारही १९६९ मध्ये बाहेर पडले. फ्रान्स आणि जर्मनीने रेटून नेलेले ए-३०० हे दोनच इंजिनांचे पहिले रुंद विमान १९७४ मध्ये एअर फ्रान्सच्या सेवेत आले. मग विक्रीच थांबली. तयार विमाने तुलूझच्या धावपट्टीशेजारी गिऱ्हाइकाविना उभी राहिली. त्या पडत्या काळात, १९७६ मध्ये, ते घेणाऱ्या मोजक्या कंपन्यांत आपली इंडियन एअरलाइन्स होती. पुढच्याच वर्षी ईस्टर्न एअरलाइन्सचे प्रमुख फ्रँक बोरमन यांनी चार विमाने सहा महिने जवळजवळ फुकट वापरायला घेतली. हे बोरमन म्हणजे अपोलो-८ मधून चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेले अंतराळवीर. वापरून पाहिली, पटली, आणि १९७८ मध्ये त्यांनी २३ विमाने मागवली. एअरबसचे नशीब तिथे फिरले.

दोन इंजिने म्हणजे इंधन कमी, देखभाल कमी. अडचण होती ती नियमाची. एक इंजिन बंद पडले तर तासाभरात विमानतळ गाठता आला पाहिजे. त्यामुळे महासागर बंद. इंजिने भरवशाची झाली तशी ही मर्यादा १९८५ मध्ये दोन तासांवर आणि पुढे तीन तासांवर गेली. १९९५ मध्ये बोइंग ७७७ आले आणि चार इंजिनांच्या महालाची घटका भरू लागली.

तरीही एअरबसने त्याच सुमारास उलटा डाव मांडला. मोठ्या शहरांत गर्दी वाढणार, हजाराहून अधिक महाकाय विमाने लागणार, असा तिचा तक्ता सांगत होता. खराखुरा दुमजली ए-३८० हा २००७ मध्ये सेवेत आला. प्रवाशांना तो फार आवडला. कंपन्यांना परवडला नाही. २५१ विमानांनंतर २०२१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पहिले बाजी मारून गेलेले दुकान दुसऱ्या वेळी आपल्याच यशाला फसले.

बोइंगने लहान, हलके ७८७ काढले. तिचा अंदाज बरोबर ठरला, पण घाई आडवी आली. जुलै २००७ मध्ये वाजतगाजत दाखवलेले पहिले विमान आतून जवळजवळ पोकळ होते; तात्पुरत्या खिळ्यांनी जोडलेले. मार्चअखेर ताळेबंद सजवणाऱ्या मंडळींना हे तंत्र ठाऊक आहे. ते विमान उडायला डिसेंबर २००९ उजाडले.

मग अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर काय? पैसे बँकांनी दिले, करदात्यांनी दिले, नोकऱ्या गमावलेल्या कामगारांनी दिले, आणि काहींनी जिवाने दिले. फायदा मात्र ज्यांनी डाव लावला त्यांना क्वचितच झाला. तो झाला तुम्हा-आम्हाला. विमानात जागा वाढल्या म्हणून तिकिटे आवाक्यात आली. आखातात गेलेला रत्नागिरीचा गवंडी आणि लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेली पुण्याची आजी या विमानांमुळेच शक्य झाली. १९९० मध्ये कुवेतचे युद्ध पेटले, तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून मुंबईला आणले गेले. त्या कामी हेच रुंद पोट उपयोगी पडले.

हे सारे आज आठवण्याचे कारण आहे. आता जगात रुंद प्रवासी विमाने मोठ्या प्रमाणावर बांधणाऱ्या दोनच कंपन्या उरल्या आहेत. टाटांकडे परतलेल्या एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर केली, त्यांतली ७० रुंद आहेत. त्यांत दहा बोइंग ७७७-९ आहेत. मुळात २०२० मध्ये यायचे ते विमान २०२५ संपले तरी कोणत्याही कंपनीच्या ताफ्यात आलेले नव्हते. उशीर झाला की आपण चिडतो. मला मात्र हल्ली उशिराची तितकीशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती उशीर झाकण्यासाठी पूर्ण केलेल्या फाइलची. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे ७८७ कोसळून २६० जण गेले. त्याची कारणे शोधणाऱ्यांनाही हवा तेवढा वेळ मिळाला पाहिजे. निष्कर्षाची घाई हीसुद्धा घाईच.

आम्ही कुंपणाबाहेरून पाहिलेला 'सम्राट अशोक' १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्यासमोरच्या समुद्रात बुडाला. २१३ जीव गेले. त्या रात्री चाळीत कुणी मोठ्याने बोलले नाही. जगातले शेवटचे, १५७४ वे जंबो जानेवारी २०२३ मध्ये गिऱ्हाइकाच्या हवाली झाले. एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाचे एक जुने जंबो मुंबईहून कायमचे अमेरिकेला गेले. पुढे त्याचे सुटे भाग व्हायचे होते. उडताना वैमानिकाने पंख हलवून निरोप घेतला. नातवाने मोबाइलवर ते चित्रण मला दाखवले आणि विचारले, "आजोबा, एवढे मोठे विमान का टाकून देतात?"

त्याला मी सांगितले, "परवडत नाही म्हणून." अण्णा असते तर म्हणाले असते, हे आधीच विचारायला हवे होते. पण आधी विचारले असते, तर ते विमान बांधलेच गेले नसते.