पोटातील बुरशी आणि निदानाचे अर्थकारण

२०२१ च्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. केंद्र सरकारने म्युकरमायकोसिसची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. जूनमध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने अँफोटेरिसिन-बी या औषधावरील कर काही काळापुरता माफ केला. चर्चा झाली ती मुख्यतः नाक, डोळे व जबडा यांची. हीच बुरशी क्वचित जठरात व आतड्यातही शिरते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पोटातील या रोगाला स्वतःचा चेहरा नाही. पोटदुखी, ताप, रक्तस्राव ही लक्षणे आतड्याच्या क्षयात, क्रोन्सच्या विकारात आणि कर्करोगातही आढळतात. बॅसिडिओबोलस ही दुसरी बुरशी तर गाठ निर्माण करून कर्करोगाचाच आभास उत्पन्न करते. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिल्यास बुरशीला रान मोकळे मिळते. बीटा-डी-ग्लुकन व गॅलॅक्टोमॅनन या रक्तचाचण्या म्युकरला पकडत नाहीत. अखेर ऊतीचा तुकडा काढून, त्यावर रंगप्रक्रिया करून, सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, फितीसारखे तंतू ओळखावे लागतात. तुकड्याचा काही भाग संवर्धनासाठी राखावा लागतो. सगळाच फॉर्मालिनमध्ये बुडविला की ती वाट बंद होते.

येथे वैद्यकाचा प्रश्न अर्थव्यवस्थेचा होतो. औषधाची टंचाई डोळ्यांना दिसते. रांगा लागतात, बातम्या छापल्या जातात, कर माफ होतो. निदानाच्या टंचाईची रांग लागत नाही. न ओळखलेला रुग्ण दुसऱ्याच रोगाच्या नावे दगावतो आणि आकडेवारीत हा रोग आहे त्याहूनही दुर्मीळ दिसतो. दुर्मीळ म्हणून तरतूद नाही आणि तरतूद नाही म्हणून नोंद नाही, असे हे चक्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ बुरशींची अग्रक्रम-यादी प्रसिद्ध केली. तीत म्युकर गटाला उच्च स्थान आहे. तथापि यादीने प्रयोगशाळा उभी राहत नाही.

तालुक्या-तालुक्यात बुरशीतज्ज्ञ नेमणे परवडणारे नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु गंभीर रुग्णाला हलविणे कठीण असले, तरी काचपट्टी सहज प्रवास करू शकते. चंदीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत बुरशीशास्त्राचे संदर्भ केंद्र आहे. तशी क्षमता विभागवार उभारावी, जिल्हा रुग्णालयांनी तेथे नमुने पाठवावेत व अहवालाला मुदत असावी. महागडे औषध चुकीच्या रोग्याला आणि योग्य रोग्याला उशिरा देण्यात जो पैसा जातो, त्याचा हिशेब एकदा मांडला, तर हा खर्च चैनीचा ठरणार नाही.