प्लास्टिकचा हिशेब कारखान्याच्या दारापासून मागा

प्रति,
मा. मंत्री व सचिव, पर्यावरण व वातावरणीय बदल, नगरविकास, ग्रामविकास आणि शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय : प्लास्टिकबंदीची दिशा बदलण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात शिकवते. हे पत्र तुम्हा सर्वांना एकत्र लिहिण्याचे कारण साधे आहे. प्लास्टिकचा प्रश्न तुमच्या चार विभागांत आणि एका मंडळात वाटला गेला आहे. प्रत्येकाकडे त्याचा एक तुकडा आहे आणि पूर्ण प्रश्न कोणाच्याच टेबलावर नाही.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, दंड सुरू झाला. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. हा निर्णय धाडसाचा होता आणि मी त्याची मनापासून समर्थक होते, आजही आहे. परंतु इतक्या वर्षांनंतर आठवडी बाजारात गेले की दिसते ते असे : हातपिशव्या पुन्हा सर्रास मिळतात, अधूनमधून पथक येते, आणि पावती फाटते ती बहुतेक वेळा भाजीवालीच्या किंवा मासळीवालीच्या नावाने. तिच्या दिवसभराच्या विक्रीपेक्षा तो दंड मोठा असतो. ती पिशवी तिने बनवलेली नसते. ज्याने बनवली, ज्याने गोणीत भरून टेम्पोने तालुक्याला पोहोचवली, त्याच्यापर्यंत पथक क्वचितच जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे लोक उघड म्हणतात, आणि बंदीवरचा त्यांचा विश्वास तिथेच संपतो.

ही बंदी कशातून आली, याची आठवण ठेवायला हवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि गटारे व नाले तुंबवणाऱ्या पातळ पिशव्या सर्वांच्या डोळ्यांवर आल्या. पाठोपाठ २००६ चा अविघटनशील कचऱ्याचा कायदा आला. पिशवीच्या जाडीची अट देशभर टप्प्याटप्प्याने वाढत गेली : आधी ५० मायक्रॉन, सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेरपासून १२०. या अटीमागचे कारण योग्य आहे. पातळ पिशवीला वजन नसते, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. जाड पिशवी महाग पडते, पुन्हा वापरली जाते आणि शेवटी भंगारातही जाते. पण मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो मोजायचे यंत्र भाजीवालीकडे कुठून असणार? ते कारखान्यात असते. म्हणून ही अट पाळली जाते की नाही, हे तपासण्याची जागा कारखाना आहे, बाजार नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१८ च्या अधिसूचनेत उत्पादनाच्या टप्प्यावर माल गुंडाळायला वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकला सूट दिली गेली. दंड सुरू झाल्यावर आठवडाभरातच किराणा दुकानांतील जाड वेष्टणालाही सवलत मिळाली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ज्या वस्तूंवर बंदी घातली, त्या यादीत स्ट्रॉ आहेत, चमचे आहेत, ताटल्या आहेत, फुग्यांच्या काड्या आहेत. बिस्किटांची, वेफर्सची, शॅम्पूची, मसाल्याची वेष्टणे त्या यादीत नाहीत.

आमच्या शाळेतील मुलांनी किनाऱ्यावरचा कचरा गोळा करून वेगवेगळा मांडला, तेव्हा या सवलतींचा अर्थ मला समोर दिसला. पाण्याच्या बाटल्या होत्या, पण बऱ्याचशा आधीच कोणीतरी वेचून नेल्या होत्या, कारण त्यांना भाव आहे. मासेमारीच्या जाळ्यांचे आणि दोरांचे तुकडे होते. हातपिशव्या होत्या. आणि सर्वांत मोठा ढीग होता चकचकीत पुड्यांचा. या पुडीत प्लास्टिकचे थर आणि बहुधा ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे जवळजवळ अशक्य, म्हणून तिला भाव नाही, आणि भाव नाही म्हणून ती कोणी उचलत नाही. ती पऱ्ह्यातून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. आमच्याकडे रापण ओढणाऱ्यांना हे कोणी सांगावे लागत नाही. बांगड्या-तारल्यांबरोबर जाळ्यात काय येते, हे ते वर्षानुवर्षे पाहत आहेत.

या पुडीची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कायद्यात आहे. २०११ च्या नियमांनी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी प्रथम मांडली, २०१६ च्या नियमांनी ती ठळक केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली. ज्या कंपन्या वेष्टण बाजारात आणतात, त्यांनी तेवढ्या वजनाचे प्लास्टिक गोळा करून त्यावर प्रक्रिया घडवून आणायची आणि त्याची प्रमाणपत्रे केंद्रीय पोर्टलवर दाखवायची. पण २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत लाखो बोगस प्रमाणपत्रे उघडकीला आली, आणि ज्या राज्यांतील प्रक्रिया उद्योगांवर ठपका आला त्यांत आपले राज्यही होते. म्हणजे कागदावर उचललेली पुडी प्रत्यक्षात आमच्या किनाऱ्यावर पडून राहू शकते. गुटख्याचे उदाहरण तर याहून ठळक आहे. गुटखा आणि तंबाखू प्लास्टिकच्या पुडीत विकायला २०११ पासून मनाई आहे. २०१२ पासून राज्यात गुटखाच बंद आहे. तरीही एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीपाशी त्या पुड्यांचा थर साचलेला असतो.

म्हणून धोरणाबाबत माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, कारवाईचा क्रम उलटा करा. आधी बेकायदा पिशव्यांचे कारखाने, मग घाऊक व्यापारी, मग मोठी दुकाने. हातगाडी आणि पाटीवर विकणारे शेवटी, तेही दंडाऐवजी पर्याय हातात देऊन. दर तीन महिन्यांनी किती कारखान्यांवर कारवाई झाली, हे जिल्हावार जाहीर करा.

दुसरी, विस्तारित जबाबदारीचा हिशेब तालुक्यापर्यंत आणा. कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यातून किती वेष्टण उचलले, कोणत्या केंद्रात दिले, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिता आले पाहिजे. गावाला दिसणारा आकडा खोटा लिहिणे अवघड असते.

तिसरी, ठेव-परतावा योजना प्रत्यक्षात आणा. २०१८ मध्ये बाटलीमागे एक-दोन रुपये ठेव घेऊन ती परत देण्याची घोषणा आपल्याच राज्याने केली होती. ती रुजली नाही. शेजारच्या गोव्याने २०२४ मध्ये अशी योजना अधिसूचित केली आहे. तमिळनाडूत निलगिरीच्या जंगलात दारूच्या बाटल्यांच्या काचांनी हत्ती जखमी होत. तिथे मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर २०२२ पासून सरकारी दुकाने बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊ लागली आणि रिकामी बाटली आणणाऱ्याला ते परत देऊ लागली. बहुतेक बाटल्या परत आल्या. बाटली काचेची असो वा प्लास्टिकची, टाकाऊ वस्तूला भाव आला की ती रस्त्यावर राहत नाही. पुडीलाही असा भाव द्या, आणि तो कंपनीच्या खिशातून द्या.

आता गोळा करण्याविषयी. शहरात निदान घंटागाडी येते. गावात ती बहुधा येत नाही. मग सुका कचरा परसात जाळला जातो, किंवा चूल पेटवायला वापरला जातो, आणि तो विषारी धूर सर्वांत आधी चुलीपुढे बसलेली बाई आणि तिच्या कडेवरचे मूल घेते. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण विभागाच्या दुसऱ्या टप्प्यात प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी प्रत्येक तालुक्याला १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. शेड उभारणे सोपे असते, ती चालवणे कठीण. माणसांचे मानधन, वाहतुकीचा खर्च आणि माल घेणारा खरेदीदार यांची सोय झाल्याशिवाय त्या शेडला कुलूपच लागते.

हे जमू शकते, याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. वेंगुर्ले नगर परिषदेने तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरात कचरा वेगळा करण्याची शिस्त लावली, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात वापरला आणि ज्या कचरा डेपोजवळून नाक धरून जावे लागे, तिथे लोक सहलीला येऊ लागले. त्यासाठी परदेशी यंत्रणा लागली नाही. रोजची देखरेख आणि लोकांशी सतत बोलणे लागले. हे एका अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर संपू नये, तर प्रत्येक नगर परिषदेची आणि मोठ्या ग्रामपंचायतीची नेहमीची कामाची रीत व्हावी, ही जबाबदारी नगरविकास आणि ग्रामविकास विभागांची आहे. केरळमध्ये हरित कर्म सेनेच्या महिला दारोदार जाऊन अविघटनशील कचरा गोळा करतात आणि त्याचे शुल्क घेतात. आपल्याकडे उमेद अभियानाचे महिला बचत गट गावोगावी आहेत. हे काम त्यांच्याकडे द्या, पण स्वयंसेवा म्हणून नव्हे, पगाराचे काम म्हणून.

कचरावेचकांना या व्यवस्थेत पहिला मान मिळाला पाहिजे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून स्वच्छ ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. याच महिलांनी २०१३ मध्ये वापरलेले सॅनिटरी पॅड पोत्यांत भरून उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले होते, कारण ते उघड्या हातांनी वेगळे करावे लागत. तीन वर्षांनी आलेल्या घनकचरा नियमांत पॅडसोबत विल्हेवाटीची पुडी देण्याची अट उत्पादकांवर घातली गेली. जे रोज कचरा हाताळतात त्यांना प्रश्न नेमका कुठे आहे हे ठाऊक असते. तुमच्या समित्यांत त्यांना खुर्ची द्या.

शेवटी माझ्या स्वतःच्या क्षेत्राविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये शाळांत पर्यावरण शिक्षण सक्तीचे केले. तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, राष्ट्रीय हरित सेना आहे, २०२० पासून माझी वसुंधरा अभियान आहे. तरी दर ५ जूनला किंवा शाळा उघडल्यावर काय होते? घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा, प्रभातफेरी. मुलांच्या हाती फलक येतो आणि परतल्यावर खाऊची पुडी. आपण त्यांना शिकवतो की चूक त्यांच्या हाताची आहे. पुडी तशी का बनली, ती परत कोण घेणार, हे विचारायला शिकवत नाही.

शालेय शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की दर सत्रात प्रत्येक शाळेने गावातील वेष्टणांची मोजणी करावी. कोणत्या प्रकारचे किती, कोणत्या कंपनीचे किती, यातले भंगारवाला काय घेतो आणि काय नाकारतो. यात गणित आहे, विज्ञान आहे, नागरिकशास्त्र आहे. ही नोंद ग्रामसभेत मुलांनीच वाचून दाखवावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती अधिकृतपणे स्वीकारावी. कंपन्यांच्या प्रमाणपत्रांशी पडताळून पाहायला राज्यभरातील शाळांच्या नोंदींइतके मोठे साधन दुसरे मिळणार नाही. मात्र हे काम शिक्षकांच्या अशैक्षणिक कामांच्या यादीत आणखी एक ओळ होऊ नये. ते अभ्यासक्रमात, तासिकेसह यावे.

लोकांच्या वाट्याचे काम लोक करतील, याची ग्वाही मी देते. शालेय पोषण आहार आजही मुले स्टीलच्या ताटात जेवतात. लग्नकार्याला, सप्ताहाला गावाची सामाईक भांडी वापरण्याची रीत अजून अनेक ठिकाणी आहे, आणि केळीचे पान आमच्या परसात आहे. गाडगेबाबांच्या नावाच्या ग्रामस्वच्छता अभियानात याच गावांनी हातात झाडू घेतला होता. लोकांना आळस आहे, हे कारण आता पुढे करू नका. लोकांना समोर न्याय दिसायला हवा.

येत्या जागतिक पर्यावरणदिनापूर्वी तुमच्या चारही विभागांनी आणि मंडळाने मिळून एक लेखी वेळापत्रक जाहीर करावे : कारखान्यांवरील कारवाईचे, तालुकावार हिशेबाचे, ठेव-परतावा योजनेचे, गावातील संकलनाचे आणि शाळांतील मोजणीचे. प्रत्येक कामापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि तारीख लिहिलेली असावी. आमच्या शाळेची मोजणी तुमच्या आदेशाची वाट न पाहता याच सत्रात सुरू होत आहे, आणि तिची पहिली नोंद मी तुम्हा सर्वांना पाठवणार आहे. तिला तुमच्याकडून लेखी उत्तर यावे, एवढीच अपेक्षा.

कळावे,
आपली विश्वासू,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक शिक्षिका