लॅक्रॉस खेळू द्या, पण छातीचं कवच बघून घ्या

“डॉक्टर, मुलाला लॅक्रॉस खेळायचंय. पाठवू का?” अमेरिकेत राहणारे मराठी पालक मला हे विचारतात. जरूर पाठवा. जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत मुलं भरपूर पळतात. एरवी स्क्रीनसमोरून उठतात कुठे?

हेल्मेट आणि दातांचं गार्ड सगळे आठवणीने घेतात. दुर्लक्ष होतं ते छातीकडे. तो कडक रबरी चेंडू हृदयाच्या ठोक्यातल्या नेमक्या क्षणी छातीवर आदळला, तर धडधाकट मुलाचं हृदयही अचानक बंद पडू शकतं. याला कमोशियो कॉर्डिस म्हणतात. हे फार क्वचित घडतं, म्हणून खेळ सोडू नका. पण याच कारणाने २०२२ पासून तिथे मुलग्यांच्या लॅक्रॉसमध्ये ‘एनओसीएसएई एनडी २००’ मानकाचं छातीचं कवच सक्तीचं आहे. मोठ्या भावाचे जुने शोल्डर पॅड वापरणार असाल, तर त्यांवर ही खूण शोधा. नसेल तर नवे घ्या, इथे काटकसर नको.

कवच घातलं तरी धोका पूर्ण जात नाही. म्हणून फी भरण्याआधी कोचला विचारा: एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, मैदानावर कुठे ठेवता? सीपीआर कोणाला येतो? “ऑफिसात असेल बहुतेक” असं उत्तर आलं, तर मी तरी फी भरणार नाही.