‘देहधारण’ या शब्दाचे ओझे

ख्रिस्ताविषयी मराठीत लिहिताना ‘अवतार’ आणि ‘देहधारण’ हे शब्द आपण सहज वापरतो. या दोन्ही शब्दांत चर्चच्या आरंभीच्या शतकांतला एकेक वाद दडलेला आहे, याची दखल मात्र आपली समीक्षा क्वचितच घेते.

हेदवीच्या दशभुज गणेशापुढे उभ्या असलेल्या भाविकाला, देवाचे स्वरूप एक की दोन, असा प्रश्न पडत नाही. रूप देवाच्या इच्छेने प्रकटते, ही श्रद्धा त्याच्या ठायी मुरलेली असते. सीतेसाठी रामाने केलेला शोकही कीर्तनकार बहुधा लीला म्हणून सांगतात. ‘अवतार’ या शब्दाला ही सारी पार्श्वभूमी आहे. ख्रिस्ताचे शरीर केवळ भास होते, असे मानणारा एक पक्ष प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजातही होता. चर्चने तो नाकारला. शरीर भास असेल, तर क्रूसावरची वेदनाही भासच ठरते.

इ. स. ३२५ मध्ये निकेआच्या परिषदेने एरियसचे मत फेटाळले आणि पुत्र हा निर्मित नसून पित्याशी एकतत्त्व आहे, असे ठरवले. मग पुढचा प्रश्न उभा राहिला : जो पूर्ण देव, तो माणूस कितपत? अपोलिनारिसने उत्तर दिले की, ख्रिस्ताचा देह मानवी होता, पण मानवी बुद्धीच्या जागी दैवी शब्द होता. नाझियान्झसच्या ग्रेगरीचा आक्षेप नेमका होता : माणसाचे जे अंग ख्रिस्ताने स्वीकारलेच नाही, त्याचे तारण कसे होणार? ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला अपोलिनारिसचे मत त्याज्य ठरले. ‘देहधारण’ हा आपला शब्द मात्र नकळत त्याच्याच बाजूने झुकतो. देह धारण केला, मनाचे काय?

४५१ मध्ये कॅल्सेडॉनने एक व्यक्ती आणि दोन स्वभाव असे सूत्र मांडले. या दोहोंची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. इजिप्त, सिरिया व आर्मेनियातील अनेकांनी ते मानले नाही. त्या फुटीत राजकारण होते, तसाच ग्रीक शब्दांच्या अर्थांचा घोळही होता.

तोच घोळ मराठीत अधिक गहिरा होतो. ‘प्रकृती’ म्हटले की सांख्यदर्शन आठवते, ‘स्वभाव’ म्हटले की रागलोभ. ‘व्यक्ती’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘प्रकट होणे’ असा आहे. १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणाऱ्या फादर स्टीफन्सने स्वर्गाला वैकुंठ म्हटले. हेदवीच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, करजगावला १८६१ मध्ये जन्मलेल्या रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले. १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ते काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. वर्गात आपण स्टीफन्सचे मराठीप्रेम शिकवतो आणि टिळकांचे संतपरंपरेशी असलेले नाते शिकवतो. दोघांनी शब्द निवडताना कोणता सिद्धान्त पत्करला, हे विचारत नाही.

वस्तुतः ही शब्दनिवड हेच त्यांचे धर्मचिंतन आहे. ग्रीक आचार्यांनीही रूढ शब्द घेऊन, घासूनपुसून, त्यांना नवा अर्थ दिला होता. म्हणून ही काव्ये भक्तिकाव्य म्हणून वाचताना सिद्धान्तकाव्य म्हणूनही वाचली पाहिजेत. माझ्या मते ‘देहधारण’पेक्षा ‘मनुष्य होणे’ हा साधा प्रयोग कॅल्सेडॉनला अधिक जवळचा आहे. त्यात देहाबरोबर मनही येते, आणि मरणही.